पायाळू बाळ, डाव्या खुब्यातला आवाज आणि सहाव्या आठवड्यातली सोनोग्राफी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका आईची पहिली मुलगी पाच आठवड्यांची आहे. बाळ शेवटपर्यंत पायाळू राहिल्यामुळे सिझेरियन करावे लागले. रुग्णालयातून सुट्टी होताना बालरोगतज्ज्ञांना तिच्या डाव्या खुब्यात काही तरी ‘कट्’ असे लागले, म्हणून त्यांनी सहाव्या आठवड्यात दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी करून घ्यायला सांगितले. घरात मात्र यावर एकमत नाही. सासूबाईंच्या मते लहान मुलांची हाडे वाजतातच आणि आपोआप ठीक होतात, नणंदेने एकावर एक दोन लंगोट बांधायला सुचवले आहे, आणि मालिशवाल्या मावशींचे म्हणणे आहे की ‘बांधलं नाही तं पोरीचे पाय फेंगडे राहतेत’. सोनोग्राफी खरेच हवी का, त्यापेक्षा आताच एक्स-रे का काढू नये, खुबा जागेवर ठेवणारा पट्टा लागला तर मुलगी उशिरा चालेल का, आणि गरोदरपणात आपल्याकडून काही चुकले का, असे आईने विचारले आहे.

लहान मुलांच्या हाडांचा तज्ज्ञ म्हणून माझे उत्तर आधीच देऊन टाकतो. सोनोग्राफी करून घ्या आणि ती सहावा आठवडा उलटताच करा. एक्स-रे आता काढू नका. दोन लंगोटांवर विसंबून राहू नका. आणि तुमच्याकडून काहीही चुकलेले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवून देताना कारणे हाताशी असावीत, म्हणून पुढे जरा विस्ताराने लिहितो.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते आणि तिथे फिरते. जन्माच्या वेळी हे डोके आणि वाटीचा बराचसा भाग मऊ कूर्चेचा असतो आणि वाटी उथळ असते. पुढच्या महिन्यांत ती खोल होत जाते, परंतु त्यासाठी एक अट असते: डोके वाटीच्या मध्यावर टेकलेले राहिले पाहिजे आणि पाय मोकळेपणाने हलत राहिले पाहिजेत. डोके काठाकडे सरकलेले राहिले तर वाटी तिरकी आणि उथळ वाढते, वाटी उथळ राहिली की डोके आणखी वर सरकते, आणि अशा रीतीने एक दोष दुसऱ्या दोषाला वाढवत नेतो. काही बाळांत वाटी नुसती उथळ असते, काहींत सांधा सैल असून डोके दाबल्यावर बाहेर सरकते, तर काहींत ते मुळातच बाहेर असते. या सगळ्या प्रकारांना मिळून डॉक्टर ‘डीडीएच’ असे म्हणतात. खुबा पूर्ण निखळलेला असण्याचे प्रमाण साधारणपणे हजार बाळांमागे एक ते दोन एवढे असते. सौम्य प्रकार याहून बरेच जास्त आढळतात. बाळाला याचे काहीही दुखत नाही. ते रडत नाही, दूध पिते, पाय मारते, आणि म्हणूनच हा दोष घरच्यांच्या नजरेतून सुटतो.

आता त्या आवाजाविषयी. हाताची बोटे मोडताना होतो तसा बारीक, कोरडा आवाज पुष्कळ बाळांच्या खुब्यात किंवा गुडघ्यात येतो. तो स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या हालचालीचा असतो आणि बहुतेक वेळा त्याला अर्थ नसतो. आम्ही शोधतो ती गोष्ट कानापेक्षा हाताला अधिक कळते. इटलीतले बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ मध्ये जी तपासणी वर्णिली, तिच्यात बाळाला उताणे ठेवून गुडघे आणि खुबे काटकोनात वाकवतात, आपले मधले बोट मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर ठेवतात, आणि मांडी हलकेच बाहेर उघडताना त्या बोटाने वर उचलतात. डोके बाहेर असेल तर ते वाटीत परत शिरताना बोटाखाली एक मऊ पण स्पष्ट धक्का बसतो. इंग्लंडमधल्या थॉमस बार्लो यांची तपासणी याच्या उलट दिशेची आहे: मांडी जवळ आणून हलका दाब दिला असता डोके वाटीबाहेर घसरते का, हे तिच्यात पाहतात. दोन्ही तपासण्या एका वेळी एकाच खुब्याच्या करायच्या असतात. बाळ पोट भरलेले आणि शांत असले पाहिजे; रडून पाय ताठ केलेल्या बाळाची तपासणी नॉर्मल आली तर त्या निकालाला मी फारशी किंमत देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ‘कट्’ एवढेच लिहिले असेल तर तो निरुपद्रवी आवाज होता की खरा धक्का, हे कागदावरून ठरवता येत नाही, आणि ठरवण्याची गरजही नाही, कारण सोनोग्राफी करण्यासाठी तुमच्या मुलीकडे वेगळे आणि पुरेसे कारण आहे. त्याकडे येतोच.

सासूबाईंचे म्हणणे तसे बिनबुडाचे नाही. बार्लो यांनीच १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की साधारण साठ नवजात बाळांमागे एकाचा खुबा सैल असतो, त्यांतल्या ६० टक्क्यांहून अधिक बाळांचा पहिल्या आठवड्यातच आणि ८८ टक्के बाळांचा दोन महिन्यांत आपोआप घट्ट होतो. अडचण उरलेल्या बाळांची आहे, कारण पहिल्या आठवड्यात दोन्ही गटांतली बाळे अगदी सारखीच दिसतात. शिवाय दोन-तीन महिन्यांनंतर स्नायू आखडू लागतात आणि तो धक्का लागेनासा होतो. घरच्यांना वाटते आवाज गेला म्हणजे खुबा बरा झाला. प्रत्यक्षात काही बाळांमध्ये आवाज जातो तो डोके बाहेरच पक्के झाल्यामुळे. त्या वयात पाहायचे ते वेगळे असते: दोन्ही मांड्या बाहेर उघडल्यावर एक बाजू कमी उघडते का, आणि गुडघे वाकवून पावले टेकवल्यावर एक गुडघा खाली राहतो का. लंगोट बदलताना एक पाय नीट उघडत नाही, ही आईची तक्रार मी कधीही हसण्यावारी नेत नाही. मांडीवरच्या वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत, एवढ्या एकाच कारणाने घाबरून येणारे पालक पुष्कळ असतात. निरोगी बाळांतही वळ्या असमान असतात, त्यामुळे एकटी ही खूण फारशी उपयोगाची नाही. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर दोन बाजूंत फरकच दिसत नाही, आणि अशी मुले सर्वांत उशिरा सापडतात.

तुमच्या मुलीबाबत माझे लक्ष आवाजाहून अधिक तिच्या जन्माच्या इतिहासाकडे जाते. पोटातली पायाळू स्थिती हे या दोषाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते, त्यातही ढुंगण खाली आणि पाय सरळ वर चेहऱ्याकडे असतील तर अधिक. मुलींमध्ये हा दोष मुलांपेक्षा चार ते सहा पट आढळतो, पहिल्या बाळात गर्भाशय घट्ट असल्याने अधिक आढळतो, आणि डाव्या बाजूला अधिक आढळतो, कारण बहुतेक बाळांची पाठ आईच्या डावीकडे असते आणि डावा पाय तिच्या कण्याला टेकून अडकलेला राहतो. या चारही गोष्टी तुमच्याकडे जुळून आल्या आहेत. इथे एक समज दूर केला पाहिजे. ‘सिझर झाले, म्हणजे बाळ पायाळू जन्मलेच नाही’ असे सांगणारे नातेवाईक मला नेहमी भेटतात, आणि कधी कधी सुट्टीच्या कागदावरही पायाळू असल्याचा उल्लेख राहून जातो. खुब्यावर ताण पडतो तो शेवटच्या महिन्यांत पोटात असताना. बाळ कोणत्या वाटेने बाहेर आले याने तो ताण पुसला जात नाही. आठव्या-नवव्या महिन्यात पायाळू असलेले बाळ नंतर फिरून डोक्याकडून जन्मले, तरीही त्याची सोनोग्राफी करावी असे मी सांगतो. यापलीकडे घरात एखादी आत्या, मावशी किंवा आजी लहानपणापासून लंगडत चालत असे का, किंवा चाळिशीतच कोणाचा खुबा बदलावा लागला का, हेही विचारून ठेवा. ‘ती पडली होती’ असे सांगितले जाते. दर वेळी ते खरे असतेच असे नाही. पोटात पाणी कमी असणे आणि बाळाची मान एका बाजूला कलणे या गोष्टीही डॉक्टरांना सांगाव्यात.

एक्स-रे आता का नको, याचे कारण साधे आहे. मांडीच्या हाडाच्या डोक्यात हाड तयार होऊ लागते ते चौथ्या ते सहाव्या महिन्यात, आणि तोपर्यंत डोके एक्स-रेमध्ये दिसतच नाही. सोनोग्राफीत कूर्चा दिसते. ऑस्ट्रियातल्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत बसवली आणि कोन मोजण्याचे नियम ठरवले. वाटीच्या हाडाळ छताचा ‘अल्फा’ कोन ६० अंश किंवा अधिक असेल तर खुबा नॉर्मल मानतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात तो ५० ते ५९ असेल तर बहुधा वाटी अजून अपरिपक्व असते. अशा वेळी थांबून चार-सहा आठवड्यांनी पुन्हा पाहतात. ४३ ते ४९ हा उपचाराचा टप्पा असतो, आणि ४३ च्या खाली डोके जागेवरून सरकलेले असते. सहा आठवडे थांबायला सांगतात ते यासाठी की त्याआधी तात्पुरता सैलपणा खूप बाळांत दिसतो आणि विनाकारण पट्टे लागतात. मात्र जन्माच्या तपासणीतच डोके बाहेर असल्याचा स्पष्ट धक्का लागला असेल, तर सहा आठवडे वाट न पाहता लगेच तज्ज्ञाला दाखवावे.

सोनोग्राफी कोण करतो याला महत्त्व आहे. नागपुरात सोनोग्राफी केंद्रांची वाण नाही, परंतु तान्ह्या बाळाचा खुबा मोजण्याची सवय सर्वांनाच असते असे नाही. केंद्रावर फोन करून ‘बाळाच्या खुब्याची ग्राफ पद्धतीची सोनोग्राफी करता का’ असे आधी विचारून घ्यावे. बाळाला कुशीवर ठेवून ती करतात. बरोबर घेतलेल्या चित्रात कमरेच्या हाडाची बाहेरची रेघ सरळ, पडद्याच्या कडेला समांतर दिसते. ती तिरकी किंवा वाकडी दिसत असेल तर त्यावर मोजलेला कोन विश्वासाचा नसतो. अहवालात उजव्या आणि डाव्या खुब्याचे अंश वेगवेगळे लिहिलेले असावेत आणि चित्रेही सोबत असावीत. नुसते ‘दोन्ही खुबे नॉर्मल’ असे वाक्य घेऊन घरी जाऊ नका. सहाव्या आठवड्याची लस त्याच सुमारास असते, तेव्हा दोन्ही कामे एका फेरीत होतील. आणि पुढे १० व्या व १४ व्या आठवड्याच्या लसीच्या वेळी मांड्या उघडून पाहण्याची विनंती डॉक्टरांना आवर्जून करा.

पट्टा लागलाच तर तो बहुधा पाव्हलिक हार्नेस असेल. चेकोस्लोव्हाकियातले अर्नोल्ड पाव्हलिक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तो बनवला. त्याआधी बाळांचे पाय बाहेर फाकवून ताठ जखडून ठेवत असत आणि त्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बंद पडून अनेकदा खुबा कायमचा बिघडत असे. पाव्हलिक यांचा विचार असा की बाळाला पाय हलवू द्यावेत, फक्त ते सरळ आणि जवळ येऊ देऊ नयेत. छातीवर एक कापडी पट्टा, खांद्यांवरून दोन, पायांत मोजे, आणि मोजे छातीच्या पट्ट्याला जोडणारे पुढचे व मागचे बंद अशी त्याची रचना असते. पुढचे बंद खुबे ९० ते १०० अंशांत वाकलेले ठेवतात, मागचे बंद मांड्या मिटू देत नाहीत. मागचे बंद मांड्या ओढून उघडण्यासाठी नसतात, हे पालकांनी नीट समजून घ्यावे, कारण ‘जास्त उघडले म्हणजे लवकर बरे होईल’ या समजुतीने बंद आवळणारे वडील मी पाहिले आहेत. जास्त उघडल्याने रक्तपुरवठ्याला धोका होतो आणि पुढचे बंद जास्त आवळल्याने मांडीच्या नसेवर दाब येतो. बाळ गुडघा सरळ करून लाथ मारायचे थांबले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

सुरुवातीला हा पट्टा साधारणपणे चोवीस तास असतो. आम्ही दर आठवड्याला बंद तपासतो, कारण बाळ वाढते, आणि मधून मधून सोनोग्राफी करतो. मोजे आणि बंद कुठे यायला हवेत तिथे पेनाने खुणा करून देतो, त्यामुळे काही सैल झाले तर आईच्या लक्षात येते. लंगोट पट्ट्याच्या आतून बदलायचा आणि बदलताना पाय घोट्याला धरून वर न उचलता ढुंगणाखाली हात घालायचा. आत पातळ सुती झबले आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालावेत. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या आसपास असताना, खरा त्रास होतो तो घामाचा: गुडघ्यामागे, जांघेत आणि मानेखाली कातडी लाल होते. बाळ कूलरच्या थेट झोतात न ठेवता त्याच खोलीत ठेवा, त्या जागा दिवसातून दोन-तीन वेळा ओल्या मऊ फडक्याने पुसून कोरड्या करा, आणि पट्ट्याखाली तेल किंवा पावडर लावू नका, कारण ती घामात कालवून तिचे गोळे होतात. दूध पाजायला, कडेवर घ्यायला, उताणे झोपवायला काही अडचण नसते. पहिले दोन-तीन दिवस बाळ किरकिर करते, मग त्याला सवय होते. आजीला सवय व्हायला जास्त वेळ लागतो.

पहिल्या काही महिन्यांत सुरू केलेला हा उपचार बहुसंख्य बाळांत यशस्वी होतो. वाटी नुसती उथळ असेल तर दहांपैकी नऊंहून अधिक बाळांत, डोके मुळात बाहेर असेल तर त्याहून कमी. एकूण काळ साधारणपणे सहा ते बारा आठवडे असतो. तीन-चार आठवड्यांत डोके वाटीत गेले नाही तर पट्टा काढून दुसरा मार्ग धरावा लागतो. निखळलेल्या खुब्यावर तो तसाच चालू ठेवला तर वाटीची मागची कड घासून खराब होते. पट्टा लावलेली मुले रांगायला थोडी उशिरा सुरुवात करू शकतात, परंतु चालण्यात पुढे फरक राहत नाही.

दोन लंगोटांचा सल्ला फार जुना आहे. त्याने खुबा जागेवर धरला जात नाही, आणि ‘काही तरी करतो आहोत’ या समाधानात मोलाचे आठवडे निघून जातात. माझा विरोध लंगोटाला कमी आणि त्या समाधानाला जास्त आहे.

बाळाला बांधण्याबद्दल मी जास्त कडक बोलतो. दुपट्यात पाय सरळ करून, गुडघे एकमेकांना लावून घट्ट गुंडाळणे खुब्याला अपायकारक आहे, आणि नागपूरच्या हिवाळ्यात ते सर्रास केले जाते. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळांचे पाय सरळ बांधू नयेत यासाठी देशभर मोहीम झाली आणि त्यानंतर तिथे खुबा निखळण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. थंडी असेल तर हात आणि छाती गुंडाळा, कमरेखाली दुपटे एवढे सैल ठेवा की बाळाला पाय वाकवून बाहेर उघडता येतील. पाय फेंगडे होतील ही मावशींची भीती निराधार आहे. तान्ह्या बाळाचे पाय वाकलेलेच असतात आणि चालायला लागल्यावर वाढीबरोबर सरळ होतात. आपल्याकडची कडेवर घेण्याची पद्धत मात्र खुब्याला अगदी पोषक आहे, कारण मांड्या आपोआप वाकलेल्या आणि उघड्या राहतात. मालिश चालू ठेवायला हरकत नाही. तेल चोळा, पोट-पाठ चोळा, पण पाय ओढून सरळ करणे, दोन्ही पाय धरून बाळाला उलटे लटकवणे आणि ‘सांधे मोकळे करण्यासाठी’ मांड्या दाबून फाकवणे ताबडतोब बंद करा. मावशींना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घेतलेले बरे. सून बोलली तर वाद होतो, चिठ्ठी बोलली तर होत नाही.

पाहिलेच नाही तर काय होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सहा महिन्यांनंतर पट्ट्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. साधारण दीड वर्षापर्यंत भूल देऊन डोके बसवावे लागते आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालावे लागते, ते सुमारे तीन महिने असते आणि मध्ये एकदा बदलावे लागते. विदर्भात भूल देण्यापूर्वी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही आम्ही करून घेतो. त्यानंतरच्या वयात सांधा उघडून शस्त्रक्रिया आणि बहुधा कमरेचे किंवा मांडीचे हाड कापून कोन बदलणे आलेच. मूल चालू लागल्यावर एका बाजूला झोके खात चालते आहे, एका पायाच्या चवड्यावर चालते आहे किंवा बदकासारखे डुलत चालते आहे म्हणून आमच्याकडे आणतात, तेव्हा पट्ट्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मदोषांच्या यादीत हा दोष आहे, त्यामुळे अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला बाळाचे खुबे पाहायला सांगता येते, आणि खर्चाची अडचण असेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात दाखवता येते.

तुमच्याकडून काही चुकले का, या प्रश्नावर: जिना चढल्याने, प्रवासाने, वाकून काम केल्याने किंवा खाण्यापिण्याने हे होत नाही. बाळ पोटात कसे बसले यावर तुमचा ताबा नव्हता. दोष निश्चित झालाच तर पुढच्या बाळात तो असण्याची शक्यता साधारण ६ टक्के असते, आणि आई किंवा वडिलांनाही असेल तर ती पुष्कळ वाढते, म्हणून पुढच्या बाळाची सोनोग्राफी ते पायाळू नसले तरी करावी.

आणि समजा सहाव्या आठवड्यात दोन्ही कोन ६० च्या वर आले, तरी पायाळू बाळाचा एक एक्स-रे सहा महिन्यांच्या सुमारास काढावा असा माझा आग्रह असतो, कारण सुरुवातीची सोनोग्राफी नॉर्मल असूनही नंतर वाटी उथळ राहिलेली बाळे आढळलेली आहेत. तो काढताना दोन्ही पाय सरळ, गुडघ्याच्या वाट्या छताकडे आणि कंबर सपाट ठेवलेली असावी, नाही तर कोन चुकीचे येतात. सोनोग्राफीचा अहवाल, चित्रे आणि सुट्टीचा कागद जपून ठेवा आणि त्या दिवशी सोबत आणा.